तासभर नुसती गाणी? (कालच्या पोस्टला उत्तर, थोडं लांबलंय)

हिलोवासी_माय: काल इथे एकांनी लिहिलं की हवाईयन संस्कृतीवाल्या शाळेत पहिल्या दिवशी पोरं दारात उभी राहून तासभर गाणी म्हणतात, मग गणित कधी करणार. वाचून डोकंच फिरलं. माझी लेक याच ऑगस्टात तिथे पहिलीत गेली. ती गाणी नाहीत हो, 'ओली' आहे, म्हणजे हवाईयन लोकांचं पारंपरिक मंत्रपठण. नवीन पोरं आणि घरचे बाहेरून आत यायची परवानगी मागतात, आतली मोठी मुलं ओलीनेच 'या' म्हणतात, मगच आत पाऊल. आमचे हे मधेच शब्द विसरले, समोरची आठवीतली पोरगी हसू दाबत होती. १८९६च्या कायद्याने हवाईयन भाषा शाळेतून हाकलली, १९८४ला पहिली पूनाना लेओ, म्हणजे हवाईयनमधून चालणारी बालवाडी निघाली तेव्हा ती बोलणारी पोरं पन्नासही नव्हती. जाऊ दे की एक तास!

बे_एरियाकर: तो मीच. ओली समजली, पण त्या शाळेत सगळं हवाईयनमधून आणि इंग्रजी थेट पाचवीत?? पोरीचं पुढे काय?

निवृत्त_मास्तर: आम्हीही पाचवीतच एबीसीडी गिरवली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २०००ला आलं, त्याआधीचे सगळे काय गुरं राखतात?

बे_एरियाकर: काका, तुमच्या वर्गातले किती जण दहावीला इंग्रजीतच गचकले तेही सांगा की.

निवृत्त_मास्तर: बत्तिसात अकरा. पण तो दोष शिकवणाऱ्याचा. म्हणजे माझा नव्हे, मी नंतर मास्तर झालो.

दुर्बीणवाला_पुणे: हवाईतल्या मौना केया डोंगरावर दुर्बिणीविरुद्ध रस्ता अडवून बसले ते हेच लोक ना? ३० मीटरची दुर्बीण, भारत भागीदार, आपली पुण्याची खगोलसंस्था आयुका त्यात, आणि २०१९ला सगळं ठप्प. शाळेत हाच विज्ञानविरोध शिकवणार?

हिलोवासी_माय: घ्या, विषय कुठे आणि हे कुठे. रस्त्यावर कुपुना बसले होते, आजीआजोबांच्या वयाची माणसं, पोलिसांनी उचलून नेलं त्यांना. डोंगरावर आधीच ढीगभर दुर्बिणी आहेत. आणि १९७६ला त्यांची होकुलेआ होडी हवाईहून होकायंत्राशिवाय ताऱ्यांवर ताहितीला गेली, त्यांना खगोलशास्त्र तुम्ही शिकवणार?

दुर्बीणवाला_पुणे: होडीतून दूरच्या आकाशगंगा दिसत नाहीत बाई. भावनेवर देश चालत नाही.

हिलोवासी_माय: बाई कोणाला म्हणता? आणि वेताळ टेकडी वाचवायला मोर्चात कोण गेलं होतं, फोटो तुम्हीच टाकला होतात ना?

दुर्बीणवाला_पुणे: तिथे रस्ता होणार होता. ही दुर्बीण आहे. फरक असतो.

निवृत्त_मास्तर: टेकडी तुमची असली की फरक असतो 😄

दुर्बीणवाला_पुणे: ...बरं, आधी नीट विचारायला हवं होतं त्यांना, एवढं मान्य. एवढंच.

बे_एरियाकर: छान, पण माझ्या गणिताचं काय?

हिलोवासी_माय: पहिल्याच आठवड्यात चिखलात उतरून कालो लावला, म्हणजे आपलं अळूच. लेकीच्या गटाने सव्वीस रोपं लावली, हवाईयनमध्ये मोजून. रात्रीच्या पावसात तीन वाहून गेली. किती उरली हे तिने मला विचारलं, हवाईयनमध्येच, आणि मला आकडा येईना.