आकडा वाचण्याआधी बाळंतीण कुठे गेली ते बघा

कुणी म्हणतं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगारवस्तीत, माणसं मेली ती प्लेगनेच. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढे कित्येक वर्षं तो दर हिवाळ्यात परतत राहिला, हे खरंच. पण दुसऱ्या दशकानंतर तो ओसरत गेला, आणि क्षय, न्यूमोनिया, जुलाब मात्र चाळीतल्या एका खोलीत मुक्कामालाच राहिले. मध्ये 1918 चा इन्फ्लुएन्झा आला. त्या ऑक्टोबरच्या 6 तारखेला एका दिवसात मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले!

मला सगळ्यात जास्त टोचतात ती तान्ही मुलं. 1921 साली मुंबईचा बालमृत्युदर हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर नोंदलाय. मात्र तो जसाच्या तसा घेऊ नका. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर आपल्या गावी जात. जन्म तिथे, मृत्यूची नोंद इथे. त्यामुळे दर फुगतो. तरी फुगवटा काढूनही उरतं ते भयंकरच आहे.

आमची आजी सांगायची, तिची आई गिरणीतल्या पाळीला निघताना बाळाला बाळागोळी चाटवायची. त्यात अफू. दहा-बारा तास मूल निपचित, अंगावरचं दूध नाही, खोलीत चुलीचा धूर. असं मूल गेलं की नोंदवहीत कारण म्हणून 'ताप' किंवा 'अशक्तपणा' लागायचा. अफूचं नाव कोण सांगणार?