ब्रिटनमधील स्थलांतरित केअर कामगारांसाठी कामगार संघटनांनी लढावे का?

धागालेखक:
ब्रिटनमध्ये वृद्धांना घरी जाऊन अंघोळ घालणे, औषधे देणे, जेवू घालणे ही कामे करणाऱ्या केअर कामगारांसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये व्हिसा खुला झाला, कारण 2021-22 मध्ये इंग्लंडच्या प्रौढ सेवाक्षेत्रात सुमारे 1,65,000 जागा रिकाम्या होत्या. मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणण्याची बंदी झाली आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून होणारी भरतीच थांबली. जे आधीच तेथे आहेत, त्यांचा व्हिसा मात्र एकाच मालकाशी बांधलेला आहे. मालकाचा परदेशी कामगार ठेवण्याचा परवाना रद्द झाला, तर नवा मालक शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. अशा स्थितीत एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ पगारात धरला नाही, तरी तक्रार कोण करणार? व्हिसा एका मालकाच्या हाती ठेवू नये, ही युनिसन या ब्रिटिश कामगार संघटनेची भूमिका मला पूर्णपणे रास्त वाटते.

प्रतिसाद 1:
असहमत. बाहेरून माणसे मिळत राहिली, तर पगार वाढवण्याची गरज मालकाला भासत नाही, आणि पगार कमी म्हणून स्थानिक माणूस या कामाकडे फिरकत नाही. संघटनेने आपली सारी ताकद वेतनावर लावावी.

धागालेखक:
वेतनाचा मुद्दा खरा आहे, पण कमी वेतनाचे मूळ दुसरीकडे आहे. या सेवेच्या मोठ्या भागाचा खर्च स्थानिक कौन्सिल करते आणि काम खासगी कंपन्यांकडून करून घेते. कौन्सिलचा दर अपुरा पडला, की कंपनी ती तूट कामगाराच्या पगारातून भरून काढते. व्हिसाच्या धास्तीने एक जण गप्प बसला, की त्याच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिकाचाही आवाज क्षीण होतो.

प्रतिसाद 2:
केरळसह भारतातून गेलेल्या अनेकांनी दलालांना लाखो रुपये मोजले आहेत. डोक्यावर एवढे कर्ज असलेला माणूस पगारासाठी भांडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

प्रतिसाद 1:
कर्जाची बाब गंभीर आहे, हे मान्य. परंतु मालक बदलण्याची मोकळीक मिळताच माणसे मोठ्या शहरांकडे जातील आणि भरतीचा खर्च सोसलेली खेड्यातील लहान वृद्धसेवा केंद्रे ओस पडतील. तेथील म्हाताऱ्यांकडे कोण पाहणार?

धागालेखक:
त्या केंद्रांना खर्चाची भरपाई द्यावी. त्यासाठी कामगाराला जखडून ठेवण्याची गरज नाही. मे 2020 मध्ये संघटनांनी आवाज उठवल्यावरच आरोग्य व केअर कामगारांना स्थलांतरितांना व्हिसासोबत भराव्या लागणाऱ्या आरोग्य अधिभारातून सूट जाहीर झाली, तेव्हा हा अधिभार वर्षाला 400 पौंड होता. त्या सवलतीने स्थानिक कामगाराचा पगार कमी झाला नव्हता.