फोम रोलरवर डोळ्यांत पाणी यायलाच पाहिजे काय?

म्हापशेकर_४२:
रविवारी पणजीत आल्तिनोच्या चढावर सहा फेऱ्या मारल्या, वर पळत नि खाली पण पळतच, म्हटलं वेळ वाचेल. सोमवारी ठीक होतो, मंगळवारी जिना उतरताना कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरलो, आई हसून बेजार. जिममधला पोरगा म्हणतो लॅक्टिक ॲसिड साचलंय, फोम रोलरने, म्हणजे अंगाखाली घालून लाटायच्या त्या गोल लोडाने, पिळून काढ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला गुडघ्यापर्यंत घासला तर जीवच गेला. आणि एवढं दमून पण रात्री झोप नाही, डोकं पळतच असतं, झोपेला रोलरचा काही उपयोग होतो का?

फोंड्याची_फिजिओ:
लॅक्टिक ॲसिड तास-दोन तासांत उतरतं रे, मंगळवारपर्यंत थांबत नाही. तुझं दुखणं उताराचं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, त्यात बारीक इजा होते आणि २४ ते ७२ तासांत दुखणं शिगेला जातं. बाहेरून जातो तो आयटी बँड स्नायू नव्हेच, जाड पट्टा आहे, कितीही लाटलास तरी लांब होणार नाही, त्याला सोड. पुढची मांडी, कुल्ले, पोटऱ्या कर, सावकाश, एका जागी ३० ते ६० सेकंद, श्वास अडकला म्हणजे जोर जास्त झाला. कमरेच्या मणक्यावर आणि गुडघ्यामागे नको. रोलरने इजा भरत नाही, दुखणं थोडं कमी जाणवतं, एवढंच. हां, लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र रोलर-बिलर सोडून तडक हॉस्पिटल.

मिरामार_पहाटे:
मी हौसेने काटेवाला रोलर आणलेला, पोटऱ्या निळ्या झाल्या, आता साधा मऊ वापरतो. झोपायच्या आधी दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, उच्छ्वास लांब सोडत. झोप बरी लागते, आता ती रोलरमुळे की फोन लांब असतो म्हणून, देव जाणे. आमची आजी फेणी चोळायची, तिला पण गाढ झोप लागायची, पण ती चोळायच्या आधी थोडी चाखायची.

म्हापशेकर_४२:
बरं, रविवारी खाली चालत येतो. पण तो काटेवालाच काल ऑर्डर केला ना मी, कोणाला हवाय?