प्राध्यापकांची उन्हाळी सुट्टी

इथं एका ताईंनी लिहिलंय की प्राध्यापकांना मे महिना म्हणजे नुसती सुट्टी, म्हणून सांगतो. मी कोल्हापुरात विद्यापीठात इतिहास शिकवतो, मेचा निम्मा महिना पेपर तपासण्यात जातो आणि उरलेल्या दिवसांत मी गावोगावचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणासाठी कोरलेले दगड, नोंदवत फिरतो. हे कुणी सांगितलेलं काम नाही, मला मनापासून आवडतं म्हणून करतो. सकाळी सातच्या आत पोचावं लागतं कारण तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि झिजलेलं कोरीवकाम सावलीमुळं उठून दिसतं, दुपारी तोच दगड सपाट वाटतो. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती टिकेल. पण बऱ्याच ठिकाणी त्यावर ऑइलपेंट फासलेला असतो, पार जीव तुटतो बघून. कृपा करून तुमच्या गावात कुणी रंगवत असेल तर थांबवा. जूनला वर्गात हेच फोटो दाखवतो, मागच्या वर्षी एक पोरगी म्हणाली सर हा आमच्या पाणवठ्याजवळ आहे की, आम्ही त्यावर धुणं धुतो, दुसऱ्याच रविवारी आम्ही आठ जण तिच्या गावात.