पोरांना कळतं, पुस्तकाला कळत नाही

कोणीतरी लिहिलंय की खेड्यातल्या पोरांना क्लायमेट चेंज वगैरे काही कळत नाही, जनजागृती करायला पाहिजे. अहो त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ते त्याला क्लायमेट चेंज म्हणत नाहीत, दुबार पेरणी म्हणतात, ऐन काढणीला आलेल्या द्राक्षावर गारा म्हणतात. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितला, पण झालं काय तर अकरावी-बारावीला जर्नल आलं आणि ते एकमेकांचं बघून उतरवायची प्रथा पडली 😀

त्यापेक्षा नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव बघा, तिथे पाऊस मोजून दरवर्षी गावाचं पाण्याचं बजेट मांडतात आणि त्यावरून ग्रामसभेत ठरतं की यंदा कुठलं पीक घ्यायचं. हे कुठल्याही झेडपी शाळेत जमेल, पर्जन्यमापक काय महाग नसतो. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, एवढं गणित सातवीतलं पोरगं करतं, मग आपल्या शिवारात किती पडलं आणि ऊस किती पितो हे तेच घरी बापाला विचारेल. बाप चिडेल ती गोष्ट वेगळी.