सल्ला हवा: नागपुरात सहा जणांच्या कुटुंबासाठी सात आसनी गाडी लीजवर घेणे परवडेल का?

मनीषनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे कुटुंब सहा जणांचे आहे: आई-बाबा, आम्ही दोघे आणि दोन मुले. अकरा वर्षांची आमची छोटी गाडी मे महिन्यात एसी लावून वर्धा रोडच्या दुमजली पुलावर चढताना धापा टाकते आणि मागच्या बाकावर चौघे बसले की मुलांची भांडणे पुलाच्या अलीकडेच सुरू होतात. त्यामुळे आता सात आसनी गाडी घ्यायचे ठरले आहे.

मी बुटीबोरीला नोकरी करतो. आमच्या कंपनीत अधिकारी श्रेणीला गाडी लीजवर घेऊन तिचे भाडे पगारातून कापून घेण्याची सोय आहे. मला आलेला प्रस्ताव असा: मारुती अर्टिगा, ४८ महिने, दरमहा १७,५०० रुपये ‘अधिक कर’, विमा आणि देखभाल त्यातच, वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला ६ रुपये आणि मुदत संपली की गाडी परत. तीच गाडी विकत घेतल्यास ऑन-रोड साधारण १२ लाख पडते. त्यातले २ लाख हाताशी आहेत आणि उरलेल्या १० लाखांना बँक ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज देते, ज्याचा हप्ता २०,७५८ रुपये येतो.

१७,५०० हा आकडा पाहून घरात सगळे खूश आहेत, एक बाबा सोडून. जी गाडी आपली नाही, तिला दसऱ्याला झेंडूचा हार कोणाच्या नावाने घालायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. माझे करपात्र उत्पन्न १९ लाखांच्या आसपास असून मी नव्या कर-पद्धतीत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबी

आपल्या प्रस्तावातले सर्वांत महाग शब्द ‘अधिक कर’ हे आहेत. चालकाशिवाय भाड्याने दिलेल्या गाडीच्या भाड्यावर वस्तू व सेवा कराचा तोच दर लागतो, जो ती गाडी विकताना लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के दर आहे. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब असून तिचे इंजिन १४६२ सीसीचे आहे, म्हणजे ती सरळ ४० टक्क्यांत जाते. अख्खी रक्कम गाडीच्या भाड्याखाली दाखवली, तर १७,५०० वर ७,००० कर चढून हप्ता २४,५०० होतो. देखभालीचा भाग बिलात वेगळा दाखवला, तर तेवढ्यावर १८ टक्केच कर लागतो, तेव्हा भाड्याची फोड लेखी मागावी आणि मगच तुलनेला बसावे.

लांबीवरून मात्र अंदाज बांधू नये. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, परंतु तिचे पेट्रोल इंजिनही १४६२ सीसीचे असल्यामुळे तिलाही ४० टक्केच लागतात. सहा जणांसाठी १८ टक्क्यांत बसणारी गाडी हवी असल्यास रेनॉची ट्रायबर पाहावी. ती चार मीटरच्या आत आहे, इंजिन ९९९ सीसीचे आहे आणि आसने सात आहेत. मात्र सगळी आसने लावल्यावर मागे सामानाला जागा जेमतेम उरते आणि भरलेली गाडी चढावर रेंगाळते, हेही जमेस धरावे.

मनीषनगरकर

आपण म्हणता तसेच निघाले. लीज कंपनीच्या प्रतिनिधीला फोन केला, तेव्हा त्यांनी २४,५०० हाच आकडा सांगितला आणि फोड ‘सिस्टिममधून निघत नाही’ असे उत्तर दिले. घरी हे सांगितल्यावर बाबांनी वर्तमानपत्रातून मानही वर काढली नाही, फक्त पान उलटले.

हिशेबी

मग आता पूर्ण ४८ महिन्यांचा हिशेब मांडू, कारण लीजची आणि कर्जाची तुलना दरमहाच्या हप्त्यावर केली, तर ती हमखास फसते. कर्जाच्या हप्त्याच्या शेवटी आपल्या दारात गाडी उभी असते आणि लीजच्या शेवटी नसते.

विकत घेतल्यास सुरुवातीचे २ लाख, ४८ हप्त्यांचे ९ लाख ९६ हजार आणि चार वर्षांनी कर्ज फेडून टाकताना उरलेले सुमारे २ लाख ३७ हजार, असे १४ लाख ३३ हजार होतात. पहिल्या वर्षाचा विमा ऑन-रोड किमतीतच असतो. पुढच्या तीन वर्षांचे दरसाल ३५,००० आणि चार वर्षांच्या सर्व्हिसिंग-टायरचे ६०,००० धरले, तर एकूण खर्च १५ लाख ९८ हजारांवर जातो. चार वर्षांनी गाडी साडेसहा लाखांना विकली गेली असे मानू. हा माझा हात आखडून केलेला अंदाज आहे. तर निव्वळ खर्च साधारण साडेनऊ लाख, म्हणजे दरमहा १९,७७० रुपये. लीजमध्ये ४८ महिन्यांचे ११ लाख ७६ हजार जातात. फरक सव्वादोन लाखांचा, महिन्याला सुमारे ४,७३० रुपयांचा. हाताशी असलेले २ लाख लीजमध्ये मोकळे राहतात. त्यांचे ७ टक्क्यांनी चार वर्षांत ६२,००० व्याज धरले, तरी लीज १ लाख ६५ हजारांनी महागच ठरते.

आता कराची बाजू. कंपनीने भाड्याने घेतलेली गाडी कर्मचारी काही प्रमाणात कामासाठी आणि काही प्रमाणात घरगुती वापरत असेल, तर सगळे भाडे करपात्र न धरता ठरावीक रक्कमच उत्पन्नात मिळवतात. जुन्या आयकर नियमांतल्या नियम ३ प्रमाणे ती १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १,८०० आणि त्यापुढे २,४०० रुपये होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे चालू आकडा आपल्या पगार विभागाकडून घ्यावा. १,८०० धरले, तर उरलेल्या २२,७०० वर आपल्या २० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह २०.८ टक्क्यांनी, ४,७२२ रुपये कर वाचतो. २ लाखांचे व्याज न धरता वर काढलेला फरक ४,७३० चा होता. सरकारने सोडलेला पैसा लीज कंपनीने आठ रुपयांच्या फरकाने अचूक उचलला आहे, याचे मला कौतुकच वाटते. पेट्रोलचा खर्चही कंपनीमार्फत गेला, तर पारडे थोडे आपल्याकडे झुकेल. २४ लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्याला, ३० टक्क्यांच्या टप्प्यात, हाच प्रस्ताव खरोखर लाभाचा ठरतो. गाडी निव्वळ घरगुती वापराची असेल, तर मात्र ही सवलत धरता येत नाही.

एमएच-४९

वरील हिशेब चोख आहे. फक्त गाडी कोणाच्या नावावर आणि कोठे नोंदवणार, हेही विचारून घ्यावे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के मोटार वाहन कर लागतो, तर कंपनीच्या नावावर नोंदवल्यास २० टक्के लागतो, आणि तो भार फिरून आपल्याच भाड्यात येतो. तो टाळण्यासाठी परराज्याची पासिंग देऊ केली, तर नकार द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिलेल्या गाडीची तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते. नागपुरात एमपीची पाटी नवी नाही, पण चौकात अडवल्यावर कागद दाखवायला लीज कंपनीचा माणूस येत नाही.

वर्गणीवर (सबस्क्रिप्शनवर) मिळणाऱ्या गाड्यांत पांढरी आणि काळी अशा दोन्ही पाट्या असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली गाडी. पचमढीला किंवा खवाशावरून पेंचला जाणार असाल, तर तिचा परवाना आणि परराज्याचा कर कोणाच्या माथी, हे करारात असावे. शिवाय सासुरवाडीला ‘भाड्याची आणली का?’ हा प्रश्न दर खेपेला येतो. त्याला कोणत्याही विम्याचे संरक्षण नाही.

काटोलचा बगीचा

मी तीन वर्षांची लीज पूर्ण करून गाडी परत केली आहे, म्हणून त्या दिवसाविषयी लिहितो. परीक्षकाने गाडी सावलीत घेतली, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला आणि मागचे झाकण उघडून डिकीच्या कडेवरून बोट फिरवले. दर हंगामात आमच्या बगीच्यातल्या संत्र्यांची क्रेट त्या कडेवरून ओढून आत घेतली जात. रंगावर केसासारख्या समांतर रेघा उमटल्या होत्या, ज्या मला तीन वर्षांत कधी दिसल्या नव्हत्या. बंपर, ती कड आणि एका चाकाची रिम मिळून अठरा हजार रुपये अनामत रकमेतून कापले गेले. करारात ‘साधारण झीज वगळून’ असे लिहिले होते, पण साधारण म्हणजे किती, हे कोठेच नव्हते. आपण सही करण्यापूर्वी ओरखड्याची लांबी आणि पोच्याचा आकार सांगणारे परिशिष्ट मागावे, आणि गाडी ताब्यात घेताना प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवावीत.

धरमपेठकर

विमा ‘त्यातच’ आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा आमच्या तळघरात माझी लीजची गाडी स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. त्या विम्यात इंजिन संरक्षणाची जोड (ॲड-ऑन) घेतलेली नव्हती आणि गाडीची मालक लीज कंपनी असल्यामुळे दाव्याचा पत्रव्यवहारही तीच करणार होती. साडेतीन महिने गाडी दुरुस्तीला पडून होती आणि हप्ते मात्र वेळेवर कापले जात होते. इंजिन संरक्षण, शून्य घसारा (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारी जोड) आणि गाडी पूर्ण निकामी झाल्यास मूळ बिलाची रक्कम मिळवून देणारी जोड, या तिन्ही गोष्टी पॉलिसीत नावानिशी पाहाव्यात. दुरुस्तीच्या काळात पर्यायी गाडी मिळेल का, हेही विचारावे.

मिहानमधून

नोकरी सोडल्यास काय, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. मी अठराव्या महिन्यात नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने लीज पुढे चालवायला नकार दिला. मुदतपूर्व समाप्तीचे शुल्क जवळपास पाच हप्त्यांइतके भरावे लागले. वाढलेल्या पगाराचे पहिले दोन महिने त्यातच गेले.

मनीषनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वापराचे किलोमीटर मांडले. बुटीबोरीला जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे वर्षाला १४,४००. बहीण पुण्याला असते, तेथे समृद्धी महामार्गाने वर्षातून दोन फेऱ्या, सुमारे २,९००. गावाकडच्या महिन्याच्या फेऱ्या आणि शहरातले फिरणे धरून बेरीज २२,००० वर जाते. मर्यादेपेक्षा वर्षाला ७,००० जादा, म्हणजे चार वर्षांचे ६ रुपयांप्रमाणे १ लाख ६८ हजार. लीजच्या कागदावर हे कोठेही दिसत नव्हते.

मर्यादा २२,००० करून सुधारित भाव मागितला, तो करासह २७,१०० आला. इंजिन संरक्षण वेगळे. त्यामुळे लीजचा विचार सोडून दिला आहे. शनिवारी आई-बाबांना घेऊन ट्रायबर आणि अर्टिगा दोन्ही चालवून पाहिल्या. तिसऱ्या रांगेत बसून उतरताना आईला ट्रायबरमध्ये गुडघ्याचा त्रास झाला, म्हणून कर्ज काढून अर्टिगाच घेत आहोत. बाबांनी डाउन पेमेंटमध्ये आपले पन्नास हजार घातले आहेत आणि आरसीवर नाव माझेच येणार ना, हे विक्रेत्याला दोनदा विचारून घेतले आहे. आता एवढेच सांगावे की शोरूममधला विमा नाकारून बाहेरून घेतल्यास ते गाडीची तारीख पुढे ढकलतात, हा अनुभव येथे कोणाला आला आहे का?

हिशेबी

येतो. विमा कोठून घ्यायचा हा निर्णय आपला असतो. बाहेरचे कोटेशन आधी हातात घेऊन जावे आणि त्याच जोडांसह तोच भाव द्यावा असे सांगावे. बुकिंगच्या पावतीवर गाडी देण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.