दोन याद्या एकाच फेरीत: लूपला वेगळं सिंटॅक्स हवं का?

अर्धविराम: वर्गाच्या निकालाची स्क्रिप्ट लिहिली होती. नावं ४१, गुण ४०. मधल्या एका मुलाचे गुण टाइप करायचे राहून गेले, त्यामुळे त्याला आणि त्याच्या खालच्या प्रत्येकाला पुढच्याचे गुण चिकटले आणि शेवटची मुलगी निकालातूनच गायब. पायथॉन भाषेतलं झिप, म्हणजे दोन याद्या जोडीजोडीनं चालवणारं फंक्शन, धाकटी यादी संपली की गुपचूप थांबतं. ना एरर, ना वॉर्निंग. आवृत्ती ३.१० पासून लांबी न जुळल्यास एरर देणारा 'स्ट्रिक्ट' पर्याय आलाय, पण ते आठवणीनं लिहायचं! झिग भाषेनं २०२३ साली ०.११ आवृत्तीत फॉर लूपच्या कंसातच स्वल्पविराम देऊन अनेक याद्या घेतल्या. लांबी जुळली नाही तर सेफ बिल्डमध्ये (तपासण्या चालू ठेवून बनवलेल्या प्रोग्रामात) प्रोग्राम जागीच कोसळतो. असंच हवं, थेट व्याकरणात.

शून्यापासून मोजा: आधी सांगा, नावं आणि गुण वेगवेगळ्या याद्यांत ठेवलेच का? एकाच नोंदीत असते तर हा धागाच निघाला नसता.
आणि स्वल्पविरामानं काय कळणार? ज्युलिया भाषेत एका फॉरमध्ये स्वल्पविराम देऊन दोन याद्या लिहिल्या की लूपात लूप होतो, ४१ गुणिले ४०, म्हणजे १६४० फेऱ्या. रॅकेट भाषेत साध्या फॉरला दोन याद्या दिल्या तर त्या जोडीनं चालतात. लूपात लूप हवा असेल तर फॉरला तारा (*) लावायचा. झिप निदान नावातच सांगतं की आपण काय करतोय.

अर्धविराम: नोंदी एकत्र हव्यात हे कबूल, पण गुणांची फाइल दुसऱ्याकडून आली होती, काय करता. स्वल्पविरामाचंही मान्य. माझं भांडण डिफॉल्टशी आहे, म्हणजे काही न सांगता झिप गुपचूप थांबतं त्याच्याशी.

जुना टिकल: टिकल (Tcl) भाषेतल्या फॉरइच लूपला कितीही याद्या द्या. संपलेल्या यादीच्या जागी रिकामी स्ट्रिंग येते, बस्स. रुबी भाषेत तर ज्या यादीवर झिप बोलावलं तिचीच लांबी चालते, कमी पडलं तिथं निल, म्हणजे 'काहीच नाही'. म्हणजे दोन याद्यांची अदलाबदल केली की निकाल बदलला! त्यापेक्षा कोसळलेलं परवडलं.

शून्यापासून मोजा: आणि याद्यांना शून्यापासून क्रमांक द्यायचे असतील तर? क्रमांकांची यादी अनंत असते, मग लांबी जुळलीच पाहिजे हा कडक नियम कसा चालणार?

अर्धविराम: झिगमध्ये त्यासाठी शून्य आणि पुढे दोन टिंबं (0..) लिहितात. अनंत बाजू डोळ्यांना दिसते, बाकीच्यांवर कडक नियम कायम.

शून्यापासून मोजा: याद्या मेमरीत असतील तोवर ठीक. फाइल ओळीओळीनं वाचताना लांबी आधी कुणाला ठाऊक? तुमचं स्ट्रिक्टसुद्धा एक बाजू संपल्यावरच ओरडतं. तोवर ४० जोड्या, त्यातल्या कित्येक चुकीच्या, डेटाबेसात जाऊन बसलेल्या.

अर्धविराम: हं. माझी स्क्रिप्ट ओळीओळीनंच वाचत होती.